न दिसणारा घड

दापोऱ्याजवळच्या त्या गावात मराठी शाळा आणि हिंदी शाळा एक झाली, त्याच वर्षी मी तिथे अतिथी शिक्षिका म्हणून लागले. दोन्ही शाळा आधीपासून एकाच आवारात होत्या, मधे फक्त कमरेएवढी भिंत होती. ती पाडली, दोन पाट्यांच्या जागी एक पाटी लागली, आणि तिसरी-चौथीचा खेळाचा तास एकत्र घ्यायचा असं ठरलं. तो तास कुणालाच नको होता, म्हणून मला मिळाला.

मला खेळातलं काहीच कळत नव्हतं. बुऱ्हाणपुरात माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे पीटी म्हणजे पांढरे बूट, शिट्टी आणि हात वर, हात खाली. मी कायम शेवटच्या रांगेत असायचे आणि तिथेच मला बरं वाटायचं. घरात मराठी, बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी. तीन भाषा येतात, पण कुठलीच मोठ्याने बोलायला मला आवडत नाही.

मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हे बघा बेटा, पंधरा दिवस देतो. पोरं नुसती उधळत राहिली तर हा तास गणिताला जाईल. तुमच्यावर राग नाही."

राग नव्हताच. पण तो तास जाऊ नये असं मला फार वाटत होतं. दिवसभर मराठीची मुलं डावीकडच्या खोल्यांत आणि हिंदीची उजवीकडच्या. तेवढी चाळीस मिनिटंच ती एका जागी यायची. तेव्हाही मुलं भिंत जिथे होती त्या जागेच्या दोन बाजूंना, जणू ती अजून आहेच, अशी उभी राहायची.

मी सांगितलं, "प्राणी व्हा. मी दाखवते." मी हत्ती झाले, एक हात सोंडेसारखा हलवला. लगेच चाळीस हत्ती झाले, सगळे हुबेहूब माझ्यासारखे. वीस हत्ती डावीकडून गेले, वीस उजवीकडून. मग ससा. तसेच चाळीस ससे. मुलं आज्ञाधारक होती, त्याचंच मला वाईट वाटत होतं. आठ दिवस असे गेले. मोठे सर व्हरांड्यातून बघायचे आणि आत जायचे.

नवव्या दिवशी प्राणी संपले. मी म्हटलं, "आज हातात काहीच नाही, पण काहीतरी उचलून न्यायचं. बाकीच्यांनी ओळखायचं." सवयीने पुन्हा मीच आधी दाखवलं. समोरच्या बागेत केळीची कापणी चालली होती, म्हणून केळीचा घड घेतला. दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि जपून चालत गेले.

मग चौथीतली एक मुलगी एवढ्या जोरात हसली की तिची ओढणी खाली पडली.

"मॅडम, हा घड नाही, लेकरू नेऊन राहिल्या तुम्ही!"

"दूध भी पिला दो मॅडम!" उजवीकडून एक मुलगा ओरडला.

मला घाम फुटला. पण ती मुलगी पुढे आली होती. "असा नाही घेत. चीक लागतो ना, कपडे खराब होतात. हे बघा, डोक्यावर चुंबळ ठेवायची, गुडघे वाकवायचे..."

"डोक्यावर कोण घेतं?" तो हिंदीतला मुलगा पाडलेल्या भिंतीची जागा ओलांडून आलाच. "मेरे पप्पा खांद्यावर घेतात. मान अशी तिरकी."

"तुझे पप्पा आमच्याच बागेत येतात. माझे बाबा कापतात, तुझे वाहतात."

"तो फिर तू काट. मी उचलतो."

तिने हातातला नसलेला विळा चालवला आणि हाक दिली, "आला रे!" त्याने खांदा पुढे केला. घड त्याच्या खांद्यावर पडला तेव्हा तो खरोखर अर्धा खाली गेला. मी पाहिलं, त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती.

"जमिनीला टेकला तर काळा पडीन," ती म्हणाली. "टेकवायचा नाही. कोणीच टेकवायचा नाही."

झाला खेळ सुरू. मी नियम केला नाही, तिने केला. कापणारा वेगळा, वाहणारा वेगळा, त्यामुळे जोडी लागायची. कापणाऱ्यांची मुलं बहुतेक मराठीत होती आणि वाहणाऱ्यांची हिंदीत, त्यामुळे जोड्या आपोआप मिसळल्या. मी एकच गोष्ट शिकले. दाखवायचं नाही, विचारायचं. "चिखल असेल तर?" तर कुणी पाय उपटत चाले, कुणी घसरत जाई आणि घड मात्र वर. "वारा सुटला तर?" एकजण उलटा चालायला लागला, पाठीने वारा अडवत. एका छोटीने घड फार जड आहे म्हणून त्याला गुदगुल्या करून हसवलं, आणि मग तो हलका झाला म्हणे. सारखे दोन घड मला त्यानंतर दिसले नाहीत.

पंधराव्या दिवशी मोठे सर बाहेर आले ते हातात वेळापत्रकाचा कागद घेऊनच. मैदानात त्या वेळी ट्रक भरणं चाललं होतं. दहा मुलं खाली बसून ट्रक झाली होती आणि बाकीची घड आणून देत होती. सर तिथे उभे राहिले. मी काही बोलणार, तेवढ्यात तो हिंदीतला मुलगा त्यांच्यासमोर धडपडला.

"सर, धरो धरो! पडीन!"

मोठ्या सरांनी कागद बगलेत दाबला, गुडघे वाकवले आणि घड खांद्यावर घेतला. मान बरोबर तिरकी. कापणारी मुलगी टाळ्या पिटत ओरडली, "सरांना येतं! सरांना येतं!"

सर ओशाळले. पण आता ठेवायचा कुठे? खाली टेकवता येत नव्हता, चाळीस जण बघत होते. ते तसेच घेऊन ट्रकपर्यंत गेले आणि थांबले.

"ट्रकात पानं कुठंयत?" ते एकदम रागावले. "खाली केळीची पानं अंथरल्याशिवाय कोणी घड ठेवतं का? घासून काळे पडतील सगळे!"

मुलं पानं आणायला पळाली. कुणी तोडली, कुणी ओढत आणली, दोघं चौघं मिळून अंथरायला लागली. सर खांद्यावर घड घेऊन उभेच. घंटा झाली तरी कोणी हललं नाही.

"गणिताचं उद्यापासून काय करायचं सर?" मी हळूच विचारलं.

"गणित सकाळी आहे ना एकदा," ते म्हणाले. "तुम्ही आधी तिकडचं पान सरळ करा, बेटा. दुमडलंय."

मी वाकून ते सरळ केलं.