ओगातांच्या गोठ्यामागची रानलसूण

किकुएआजीला विचारल्याशिवाय आमच्या होक्काइदोतल्या त्या गावात कुणी रानातला पाला शिजवत नसे. "हे काय हो?" म्हणत कुणीही दारात यावं, आजीने पान चुरडावं, नाकाशी न्यावं आणि फटकन सांगावं, "खा" नाहीतर "फेक". चाळीस वर्षं हेच. आजीला त्याचा तोरा काय थोडा होता!

ते नाक फेब्रुवारीतल्या तापात गेलं. मिसोच्या, त्या उग्र आंबवलेल्या सोयाच्या, बरणीत डोकं खुपसलं तरी वास येईना. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितल्यावर आपल्याकडे येईल कोण, याचीच तिला धास्ती.

मे महिन्यात मिसाओ टोपली भरून आली. तिने आणि तिच्या नवऱ्याने, र्‍योइचीने, ओगातांचं ओस पडलेलं शेत नुकतंच घेतलं होतं. शहरातली माणसं, पण राबायची हौस दांडगी.

"आजी, गोठ्यामागे नुसतं माजलंय बघा! रानलसूणच ना? माझ्या बोटांना केवढा वास मारतोय!"

आजीने पान चुरडलं, हुंगलं. काही म्हणजे काही नाही. 'मला वास येत नाही गं' हे शब्द अगदी जिभेवर आले आणि तिथेच अडकले. पोरीच्या बोटांना येतोय ना, मग झालं.

"लसूणच. खा खुशाल."

ओळख सांगणारीला पहिली जुडी, ही गावची रीत. दुपारी आजी ती निवडायला बसली. वरच्या काड्या खऱ्या, बुडाशी तांबूस सालीच्या. खालच्या तीन मात्र पांढऱ्याफटक, एकेका बुडातून चार-चार पानं. आजीला एकदम आठवलं. ओगातांच्या बायकोने गोठ्यामागे हौसेने फुलांचे कंद लावले होते. त्यांना पानं वसंतात यायची, फुलं शरदात, आणि सगळं विषारी. पोरीने आधी खरी लसूण खुडली, वास बोटांना चिकटला, मग हाती येईल ते लसूणच वाटत गेलं. आणि आपण नाकाचा तोरा मिरवत साधं बूडसुद्धा बघितलं नाही!

फोन कुणी उचलेना. आजीने सायकल काढली.

र्‍योइची अंगणात दात कोरत उभा होता. "या आजी! सोयात कालवून दोन वाट्या हाणल्या. मिसाओ रात्री खाणार म्हणते."

"गाडी काढ. दवाखान्यात चल."

"अहो, मी ठणठणीत आहे!"

"आत्ता असशील. ते विष उशिरा चढतं." आजीचा आवाज फाटला. "मला वास येत नाही रे. हिवाळ्यापासून येत नाही. मी खोटं बोलले तुमच्याशी."

मिसाओ आतून धावत बाहेर आली. उरलेली टोपली तिने आजीच्या मांडीवर ठेवली, डॉक्टरला दाखवायला, आणि गाडी सुरू केली. र्‍योइचीची बडबड चालूच. "आजी, एवढं तोंड पाडू नका हो, उद्या तुम्हाला खेकडा खायला घालतो." नदीचा पूल आला तसं त्याने बोलता बोलता पोट दाबून धरलं.

"मिसाओ," तो म्हणाला, "गाडी जरा बाजूला घे गं."