पाणी तिसऱ्या पायरीवर

अक्काच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी यांना उचलायला कोण आहे?"

मी म्हटलं, "मी आहे की."

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी बासष्ट वर्षांची, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी आणि अंगानं माझ्या दुप्पट. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकारच. म्हणाले, "दीड महिना एखाद्या केंद्रात ठेवा. रोज व्यायाम करून घेणारी माणसं हवीत. चालायला लागल्या की न्या घरी."

घरी म्हणजे रेवदंड्याला, खाडीच्या तोंडाशी, जिथं आम्ही दोघीच राहतो. तिचं लग्न चार वर्षं टिकलं, माझं ठरलंच नाही. तिनं चाळीस वर्षं सुकी मासळी विकली आणि त्या टोपलीवर मला डी.एड. केलं. मी मास्तरीण झाले आणि चौतीस वर्षं कोळ्यांच्या पोरांना 'पानी' नव्हे, 'पाणी' म्हणायला शिकवलं. अक्का मात्र अजूनही पानीच म्हणते. तिला सुधारायची माझी छाती नव्हती.

केंद्र शोधायला मी वही घेऊन निघाले. शाळेत तपासणीला साहेब येणार म्हटलं की आम्ही आदल्या दिवशी भिंतींवर तक्ते लावायचो, पोरांची नखं कापायचो. त्यामुळे कळवून गेलं की काय बघायला मिळतं, हे मला पक्कं ठाऊक. मी न सांगता जायचे, तेही जेवणाच्या वेळेला. पहिलं ठिकाण एका बंगल्यात होतं. दारात मोठी रांगोळी, पण आत एक आजोबा ओल्या चादरीवर झोपलेले. मी वही उघडलीसुद्धा नाही. दुसऱ्या ठिकाणी व्यायाम करून घेणारा आठवड्यातून दोनदाच यायचा. तिसरं अलिबागच्या बाहेर, भातशेतांच्या मधोमध, दुमजली. तिथं मी सगळं विचारलं. एका पाळीला नर्स किती, पेशंट किती? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून किती वेळानं कूस बदलता? संडासात धरायला दांडे आहेत का? एका रिकाम्या खाटेवरची घंटा मी स्वतः दाबली आणि घड्याळ लावून बसले. दीड मिनिटात बाई आली. व्यायामाची खोली बघितली, मासळी मिळते का तेही विचारलं. बुधवारी आणि रविवारी मिळते म्हणाले. मी वहीत सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या. साहेबांनी शाळेला शेरा द्यावा तसं मनातल्या मनात म्हटलं, समाधानकारक.

खोलीला खिडकी होती. तिच्यातून भात दिसायचं आणि वर आभाळ. खाडी दिसत नव्हती, पण तसा रकाना माझ्या वहीत नव्हता.

नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी अक्काला तिथं नेलं. पहिले आठ-दहा दिवस मी रोज जायचे. ती वॉकर धरून चार पावलं टाकायची, आणि व्यायाम घेणाऱ्या मुलाला शिव्याही द्यायची. मला बरं वाटायचं. मग गणपतीची तयारी निघाली, जाणं दोनदाच झालं. दीड दिवसाचा गणपती मी एकटीनं आणला, एकटीनं आरती म्हटली. घंटा वाजवायला दुसरा हात नव्हता म्हणून टाळ्यांवर भागवलं. शेजाऱ्यांबरोबर पोचवून आले तर घर इतकं गप्प, की मी रेडिओ लावला आणि तोही सहन होईना.

त्यानंतर माझं जाणं आणखीच कमी झालं. रिक्षा मिळत नाहीत, गुडघा दुखतोय, उद्या जाईन. खरं कारण वेगळं होतं. तिथून परत आल्यावर कुलूप उघडायचं माझ्या जिवावर यायचं. गेलंच नाही तर परत येणंही नाही, असा माझा शहाणपणा. एकदा तर सबंध आठवडा गेले नाही.

आठवड्यानं गेले तेव्हा मुख्य बाईंनी मला खुर्ची दिली. मास्तरांनी पालकाला खुर्ची दिली की बातमी चांगली नसते.

"मॅडम, आजींचं भान थोडं सुटतंय," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांना महिन्यातून एकदा प्रश्न विचारतो. बघा."

समोर कागद, सहा दिवसांपूर्वीचा, वर वेळ दुपारी दोनची. प्रश्न विचारणारी नर्स नागपूरकडची, हुशार मुलगी, अक्षर मोत्यासारखं. वार कोणता? उत्तर, म्हाईत नाय. तारीख? दशमी. महिना? भादवा. तुम्ही कुठं आहात? शेतात. आत्ता किती वाजले? पुढं तिनं अक्काचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते : 'भरती लागली आसंल.' त्या सगळ्यांपुढे चूक, चूक, चूक. खाली शेरा, 'असंबद्ध बोलतात. सूचना पाळत नाहीत.'

"चालण्याचा व्यायाम आता थांबवावा असं वाटतं," बाई म्हणाल्या. "अशा पेशंटनं पडायला नको. वरच्या मजल्यावर कायमची राहणारी मंडळी आहेत, तिथं हलवू. तुमची सही लागेल."

मी कागद दोनदा वाचला. पांढऱ्यावर काळं झालेलं मला नेहमीच खरं वाटत आलंय. मी म्हटलं, "हो, हल्ली तिला दिवसांचं भान राहत नाही." हे वाक्य मी बोलले. आठ दिवस तिचं तोंड न बघितलेली मी. आणि आता खोटं कशाला सांगू, बोलताना रडू येत होतं तरी आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं. वरच्या मजल्यावरच्या माणसांना कुणी रोज भेटायला येत नाही आणि का येत नाही, असं नातेवाइकांना कुणी विचारतही नाही.

फॉर्म पिशवीत घालून मी अक्काकडे गेले. ती खिडकीशी बसली होती. निघताना म्हणाली, "उद्या बीज. जेवनाच्या टायमाला पानी तिसऱ्या पायरीवर येल. मागची टोपली उचलून ठेव गो."

"हो हो, ठेवते," मी म्हटलं. पहिलीतल्या पोराला म्हणावं तसं.

दुसऱ्या दिवशी एकटीचं ताट वाढून घेतलं आणि ताटाशेजारी फॉर्म ठेवला. जेवून सही करायची, असं ठरवलं होतं. दोन घास गेले असतील, मागून ठक ठक आवाज आला. मांजर असेल म्हणून दुर्लक्ष केलं. आवाज थांबेना. उठून मागच्या पडवीत गेले, तर खाडी दारात. आमच्या मागे चार पायऱ्या आहेत. पहिली बुडालेली, दुसरी बुडालेली आणि तिसरीवर पाणी चढत होतं. छपराखाली तिसरीवर ठेवलेली अक्काची सुकटीची टोपली तरंगून भिंतीवर आपटत होती. मी साडीसकट पाण्यात उतरले. टोपली हाताला लागली, पण आत पाणी शिरलं होतं. तिनं पडण्याआधी वाळवून भरलेली सुकट, सगळी भिजलेली.

वर येऊन मी चौथ्या पायरीवर बसले. पाणी तिसरीवर येऊन थांबलं. अर्ध्या तासानं उतरायला लागलं.

मी कोळ्याची मुलगी आहे. पुनव-अवसेला उधाण येतं, अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी जेमतेम हलतं, हे मला चालता येण्याआधी कळत असणार. अक्काला तारीख कधीच लागली नाही. होड्या तिथीवर जायच्या, मासळी तिथीवर यायची. वार तिला गिऱ्हाइकावरून कळायचा. गिऱ्हाईक आटलं की सोमवार नाहीतर गुरुवार. त्या खोलीत गिऱ्हाईक कुठलं येणार? बाकी तिचं प्रत्येक उत्तर बरोबर होतं. तो दिवस दशमीच होता, महिना भादवाच. केंद्र शेतातच आहे. नर्सनं प्रश्न विचारले दुपारी दोनला आणि दशमीला भरती त्याच सुमाराला लागते. नागपूरच्या पोरीला हे कुठून कळावं? मला कळायला हवं होतं. चौतीस वर्षं मी पोरांचे पेपर तपासले आणि माझ्या बहिणीचा पेपर मात्र दुसऱ्याच्या खुणा बघून नापास केला.

ताट तसंच टाकून रिक्षा पकडली. मुख्य बाईंना म्हटलं, "तिला तिथी विचारा आणि तुमच्या मोबाईलमध्ये बघा." त्या बऱ्या बाई. माझ्यासमोर अक्काच्या खोलीत आल्या, विचारलं.

"बीज," अक्का म्हणाली. "तुमाला कनाला पायजे?"

बाईंनी मोबाईल पाहिला, मग माझ्याकडे. फॉर्म मी पिशवीतून काढून परत दिला, कोरा. त्या म्हणाल्या, व्यायाम उद्यापासून सुरू करू, आणि गेल्या.

मी खाटेच्या कडेला बसले. "अक्का, इथून खाडी दिसत नाही. तुला कसं कळलं?"

"चांद दिसतो ना. आनि मोजतंय मी." तिनं अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला. "पुनवेच्या पाठच्या दिसाला आनलंस मना. पयल्या भांगापर्यंत रोज आलीस. अवसेच्या उधानाला दोनदा आलीस. मंगच्या भांगाला एकदा बी नाय." तिचा अंगठा त्या रिकाम्या पेरांवरून सावकाश फिरला. "मना वाटला, तू आजारी परलीस. कोनाला इचारू?"

ज्या दिवसांचं तिला भान नाही असं मी कबूल केलं होतं, ते दिवस तिनं एकेक करून धरून ठेवले होते. मी त्या घरात एकटी होते आणि ती या खोलीत. तरीही मोजत होती ती एकटीच.

"टोपली उचललीस कं?" तिनं विचारलं.

"उचलली," मी म्हटलं.

ती माझ्या पायांकडे बघत होती. साडीचा काठ अजून ओला होता आणि त्याला चिखल लागलेला. तिनं काठ नुसता हातात घेऊन पिळला आणि खाली सोडला.

"मना घरा कवा नेतंस?"

तारीख माझ्या जिभेवर आली होती, ती मी गिळली. "पुढल्या पुनवेच्या उधाणाच्या आत."

तिनं अंगठा पहिल्या पेरावर नेऊन ठेवला.

"बरां," ती म्हणाली. "मोजतंय मी."