बाळंतिणीची खोली आणि पत्र्याखालची बारदानं

मे महिन्यात लातूरला कशाला मरायला, असं घरच्यांनी विचारलं. पण फोनवर माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, आवाज रडवेला होता. तिच्या लेकीचं, रूपालीचं, पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं. पत्र्याच्या खोलीत बाळ घामोळ्यांनी लाल झालं होतं, आणि भोकरच्या विहीणबाई रविवारी येऊन दोघांना घेऊनच जाणार म्हणत होत्या. सव्वा महिना लेक माहेरी राहावी, एवढीच अक्काची इच्छा.

शनिवारी सकाळी नांदेडहून एसटी धरली. लोहा, अहमदपूर करत साधारण चार तास. बायकांना अर्धं तिकीट. उजवीकडची खिडकी पकडा, सकाळी तिकडं ऊन येत नाही. अहमदपूरला भजी बरी मिळाली, चहा मात्र नुसता साखरेचा पाक.

अक्काच्या खोलीत पाऊल टाकलं आणि भट्टीच. दाजी संक्रांतीनंतर गेले. गेल्या उन्हाळ्यात ते होते, तेव्हा याच खोलीत मी भरदुपारी घोरले होते. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून त्यांनी तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचं, छत बांधलेलं. स्टुलावर चढून पाहिलं, तर ती मधली जागा दोन्ही टोकांना बारदानं कोंबून बंद!

"हे कुणी केलं गं?"

"त्यांनीच, दिवाळीत. मी तसंच राहू दिलं. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून."

"अगं, ते वारं खाली येतच नाही. पत्र्याची धग घेऊन वरच्या वर बाहेर जातं. वाट बुजल्यावर धग खालीच उतरणार ना!"

एरवी मी तिची थट्टा केली असती, पण तिचा चेहरा बघवेना. आम्ही बारदानं उपसली आणि संध्याकाळी पत्र्याला वरून चुना फासला.

रविवारी विहीणबाई बाळाचे कपडे भरायला रिकामी पिशवी घेऊनच आल्या. जेवल्या, बाळाशेजारी जरा कलंडल्या आणि थेट चारला उठल्या. छताकडं बघत म्हणाल्या, "राहू द्या पोरीला, ईनबाई. आमच्याकडं भी पत्रेच हायत. आधी असं करून घेते, मग नेते." अक्का तोंडाला पदर लावून रडली. मीही रडले.

नांदेडला परतून आठवडा झाला. काल अक्काचा फोन आला. घामोळं गेलंय.

"बारदानं धुऊन ठिवलीत. थंडीसाठी दिवाळीला लावीन, होळीला काढीन. ते दरसाल तसंच करायचे. मी म्हणायचे, याला काय दुसरं काम न्हाई."

मग फोन ठेवता ठेवता म्हणाली,

"एकदा तरी इचारायचं व्हतं गं, का करून राहिलात म्हणून."