हाराची गाठ

कुणाबद्दल लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेव्हा चुकलं तर माफ करावं.

गोवा राज्य झालं त्या वर्षी मी कॉलेज सांभाळून मुळगावजवळच्या खाणीच्या वर्कशॉपात काम करायचो. तिथले आग विझवायचे लाल सिलिंडर एक मामा सांभाळायचे. नारळातलं पाणी ऐकावं तसा प्रत्येक सिलिंडर हलवून ते कानाशी धरायचे. आतली पावडर मोकळी वाटली की "जागो आसा", म्हणजे झोपलेला नाही, असं म्हणत पुढे जायचे.

दसऱ्याला कामगारांनी यंत्रांबरोबर सिलिंडरांनाही झेंडूचे हार बांधले. मामांनी आधी हात जोडले, मग सिलिंडर चालवताना ओढायच्या पिनेवरची एकेक गाठ सोडली.

"मामा, पूजेचा हार काढताय व्हय?" बेळगावकडचा फिटर चिडला.

"देव रागावचो ना. आग लागल्यार गाठी सोडीत बसतलो मरे तू?"

त्या दिवशी त्यांच्याशी कुणी बोललं नाही. मामा एकटेच जेवले.

पुढच्या वर्षी, मी काम सोडल्यावर, दसरा झाला आणि तोच फिटर डिचोलीच्या बाजारात भेटला. मामा पावसाळ्यात वारले, हे त्याच्याकडूनच कळलं.

"यंदा हार सिलिंडराच्या पायाशी ठेवले," तो म्हणाला. "पिनेला कुणी हात लावला नाही."