आरोहीला ब्लॅक येते तेव्हा

बोईसरला दर रविवारी आम्ही आया बुद्धिबळाच्या क्लासच्या पायरीवर दोन तास बसतो. मुली आत खेळतात आणि बाहेर आमच्याकडे सांगण्यासारखं साचत जातं. मी सातवी शिकलेले, पटावरचं मला फारसं कळत नाही. धास्ती मात्र सगळी कळते.

माझी आरोही पहिल्यांदा काळ्या सोंगट्या घेऊन बसली, तेव्हा मी सरांना विचारलं, हिचं काही चुकलं का? सर कंपनीत फिटर आहेत, सुट्टीच्या दिवशी शिकवतात. म्हणाले, "ताई, व्हाइट आधी चाल करतो, ब्लॅक आधी ऐकून घेतो. तुमच्या घरात शेवटी कोणाचं चालतं?"

मी पायरीवर परत येऊन बसले.

मग सरांनी सिसिलियन शिकवलं. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, की आपण वजिराकडच्या उंटापुढचं सरकवायचं. दांडी गावच्या सुशीलाताई मासळी विकतात, त्यांची तेजल याच क्लासला आहे. त्यांना हे काही पटेना. समोरचा मधून येतो, तर पोरीने बाजूने का जायचं? सरांनी विचारलं, बाजारात तुम्ही काय करता?

"मी पयली मधी टोपली ठेवते," ताई म्हणाल्या, "मंग भांडते."

एक नियम असा, की सोंगटीला हात लावला की तीच चालवायची. एकदा जेवताना आमच्या ह्यांनी कारल्याची वाटी उचलली आणि हळूच परत ठेवली. आरोही म्हणाली, "पप्पा, हात लावलात." ह्यांनी सगळं कारलं संपवलं. आता आधी बघतात, मग हात पुढे करतात.

पालघरला जिल्ह्याच्या टीमची निवड होती. शेवटचा डाव जिंकला तरच आरोही टीममध्ये. बरोबरी झाली तरी घरी. आणि आली ब्लॅक.

पालकांना आत सोडत नाहीत, म्हणून मी दाराच्या काचेला नाक लावून उभी. आरोहीची माझ्याकडे पाठ, समोरच्या मुलीचं तोंड. सिसिलियन झालं, तेवढं मी ओळखलं. अर्ध्या डावात आरोहीने स्वतःचा हत्ती तसाच मारात सोडला आणि वजीर भलतीकडेच नेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ओढणी तोंडात धरली. त्या मुलीने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि लगेच हत्ती मारला.

चार चालींत त्या मुलीवर मात झाली.

बाहेर आल्यावर सरांनी आरोहीने लिहिलेल्या चाली वाचल्या. म्हणाले, "हत्ती घेतला नसता तर ती सुटत होती. वेळही होता तिच्याकडे. ती इतक्या घाईत घेईल असं तुला का वाटलं?"

आरोही बाटलीचं झाकण उघडत म्हणाली, "दारात आई उभी होती ना, सर."