मास्टर आणि अनोळखी नंबर

मंगळवार, दसऱ्यानंतरचा पहिला. हजर: मी (छोट्या दुकानांना वेबसाइट करून देणारी), उस्मानपुऱ्यातल्या शिवणकामाच्या दुकानाचे मास्टर, त्यांच्या मिसेस आणि बटण लावून घ्यायला आलेले एक गृहस्थ. त्यांनी बटणं लावून घेतली कमी, मतंच दिली जास्त.

शाळेचे गणवेश आता लोक तयारच घेतात. शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या गणवेशांचं काम मिळालं नाही, तर मास्टरांना दोन्ही कारागीर कमी करावे लागतील. म्हणून मी त्यांना वेबसाइट करून दिली आणि त्यावर फोन नंबर ठळक टाकला.

दुकानात कुणीही आलं की मास्टर आधी पाणी देतात, मग गाव विचारतात, मग त्या गावातला कुणीतरी ओळखीचा शोधून काढतात. माप त्यानंतर.

"फोन येतात का?" मी विचारलं.

"लई येतात, ताई. पण उचलत नाय. सगळे अनोळखी."

"अहो, वेबसाइट बघून येणारा अनोळखीच असणार!"

"व्हय, पण आधी कळाया पाहिजे ना, कोण हाय ते."

"ते उचलल्यावर कळतं," मिसेस मशीन न थांबवता म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. मास्टरांनी नंबर पाहिला, गळ्यातली टेप सरळ केली, पाहुणा दारात आल्यासारखे उठून उभे राहिले. फोन वाजून बंद झाला.

"कामाचा असता तर दुकानातच आला असता," गृहस्थ म्हणाले.

मास्टरांनी मात्र फोन माझ्यापुढं धरला. "तुम्ही लावा, ताई. गाव तेवढं विचारा. पुढं मी बोलतो."

लावला, तर व्यस्त.

राहिलेलं काम: त्या नंबरवर पुन्हा फोन करणं. गाव विचारणं.