कपटनसाहेबांचे उसने

माझे शुद्धलेखन चुकते आणि अक्षर वेडेवाकडे आहे, वाचणाऱ्याने माफ करावे. ही ओळ लिहिली आणि माझे मलाच हसू आले. हीच ओळ लिहायची मला मनाई होती. ज्याने मनाई केली तो आता नाही, आणि ही वही कोणी वाचणारही नाही. तरी चौथी शिकलेल्या बाईचा हात लिहायला बसला की आधी माफीच मागतो.

आमचे गाव कळंबपासून दोन कोसांवर. माझ्या घरामागे गुरुजींचे घर. मी लग्न होऊन आले तेव्हा गुरुजींचा मुलगा दुसरीत होता. शाळा सुटली की आमच्या चुलीपाशी येऊन भाकर आणि ठेचा मागायचा. डोळ्यांतून पाणी गळायचे, पण तिखट लागले असे कधी म्हणायचा नाही. घरचे त्याला बाबू म्हणत, म्हणून मीही बाबूच म्हणायचे. तो मला वहिनी म्हणे.

हा बाबू पुढे फौजेत अधिकारी झाला, कॅप्टन. आमच्या गावातून शिपाई पुष्कळ गेले, पण अधिकारी तोच पहिला. गुरुजी त्याच्या खांद्यावरचे तारे पाहून गेले, एवढे तरी त्यांच्या वाट्याला आले. पहिल्यांदा तो वर्दीत घरी आला तेव्हा मी पदर डोक्यावर घेतला आणि "या साहेब" म्हटले.

"वहिनी, साहेब म्हनाल तं मी भाकर खानार नाई."

"मंग काय म्हनू?"

"ठेचा खाताना रडाचो, तवा जे म्हनत होत्या तेच."

सुट्टीत आला की पहाटे कळंबच्या रस्त्याने पळायला जायचा आणि परत येताना कोणाचे ओझे दिसले की ते घेऊन यायचा. एका कार्तिकात आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू झाली. पहिल्या दिवशी आम्ही बायका सीतादही करतो, म्हणजे कपाशीच्या झाडाला दहीभात दाखवतो आणि मगच बोंडाला हात लावतो. दह्याचे विरजण मी दर वर्षी बाबूच्या आईकडून आणायची. त्यांना मी काकू म्हणते. त्या वर्षी दह्याचा गंज, म्हणजे पातेले, घेऊन बाबूच शेतात आला आणि कमरेला वेचणीची ओटी बांधून आमच्या ओळीत उभा राहिला. दुपारपर्यंत त्याची ओटी अर्धीही भरली नाही आणि बोंडाच्या टोकांनी बोटांतून रक्त आले.

"बंदूक चालवनं सोपं हाय वाट्टे," एक म्हातारी म्हणाली.

"लय सोपं हाय, आजी. बंदुकीले काटे नसते."

"मंग तुले मजुरी काय द्याची? चहाचेही पैसे निघत नाई."

"राह्यलेला दहीभात द्या." आणि खरेच, बांधावर बसून त्याने सगळ्यांचे झाल्यावर उरलेला दहीभात खाल्ला.

ते कापसाचे वाईट दिवस होते. त्याबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिले आहे, मी माझ्या घरापुरते सांगते. माझे मालक जिनिंगमध्ये मशीनवर होते. जिनिंग बंद पडले, आणि तोपर्यंत रुईची धूळ त्यांच्या छातीत बसली होती. खोकल्यामुळे दुसरे काम होईना. मी वेचणीला जायची आणि घरी हातशिलाई करायची. मशीन असती तर घर चालले असते, पण ती घ्यायची कशी?

त्याच दिवसांत शहरातून काही लोक गाडी घेऊन आले. शाळेच्या पटांगणात बायकांना साडी आणि पाकीट वाटणार होते. मीही रांगेत उभी राहिले. प्रत्येकीला देताना फोटो काढत होते. माझ्या पुढे चार बायका उरल्या तेव्हा फोटोवाला पहिलीला म्हणाला, "बाई, हसू नका, चेहरा थोडा उतरवा." ते ऐकले आणि मी रांगेतून बाहेर पडले. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून नुसती खाली पाहत चालू लागले. बाबू तेव्हा सुट्टीवर होता आणि शाळेच्या भिंतीपाशी उभा होता. त्याने पाहिले, पण हाक मारली नाही.

संध्याकाळी तो घरी आला, भाकर मागितली आणि खाता खाता म्हणाला, "वहिनी, मशीन केवढ्याले येते?"

"कायची मशीन?"

"शिलाईची. दादा सांगत होते."

मी मालकांकडे पाहिले. ते वर टिनाकडे पाहू लागले.

"सहा हजाराले. पायानं चालवाची. यवतमाळले भेटते."

"मी देतो."

"नको बाबू. मदत नको मले."

"मदत कोन करून राह्यलं? मी उसने देतो. परत द्याच लागन. नाई देल्ले तं तगाद्याले येईन, वर्दी घालून."

मालक म्हणाले, "वर्दीत नको येऊ गड्या. लोकं म्हनतीन, याच्या घरी धाड पडली."

उसने हा शब्द त्याने वापरला म्हणून मी हो म्हटले. शेजारणीकडून वाटीभर तेल आणतो आणि बाजार झाला की तेवढेच, कणभर जास्तच, परत करतो, ते उसने. त्यात देणारी मोठी होत नाही आणि घेणारी लहान होत नाही. त्याने दिवसभर विचार करून तोच शब्द शोधून आणला असणार.

महिन्याला दोनशे द्यायचे ठरले. पैसे काकूंच्या हातात द्यायचे आणि त्याला पत्राने कळवायचे. दुसऱ्या दिवशी त्याने निळ्या आंतरदेशीय पत्रांचा एक गठ्ठा आणून दिला. तीस पत्रे होती, तीस हप्त्यांची. प्रत्येकावर त्याने आपल्या हाताने फौजेचा पत्ता लिहिला होता, कारण तो इंग्रजीत होता आणि मला जमला नसता.

"पन लिहाचं तुमीच. कोनाच्या हातानं नाई. अन् पहिल्या ओळीत माफी नाई मांगाची."

"माह्या चुका होतीन."

"माहाही नेम चुकते. म्हनून काय दर खेपेले माफी मांगतो?"

पहिले पत्र लिहायला मला चार दिवस लागले. वर लिहिले, "कपटनसाहेब यांस." खाली एवढेच, की हप्ता दिला, मशीन चांगली चालते, पानी आले नाही. त्याचे उत्तर आले ते मला पाठ आहे. "वहिनी, हप्ता पावला. तुम्ही माझ्या नावात कपट घातले. इथे बर्फात बसून खूप हसलो. आजवर कोणाशी कपट केले नाही, आता नावच पडले तर सांभाळून राहावे लागेल. दुरुस्त करू नका, हेच चालू द्या." खाली सही, "तुमचा कपटन." आणि अगदी कोपऱ्यात एक मोठा ण काढला होता, गिरवायला. आमच्या तोंडात ण नाहीच. आम्ही पानी म्हणतो, लोनचे म्हणतो, आणि म्हणतो तसेच लिहितो. त्यानंतर त्याच्या प्रत्येक उत्तराच्या कोपऱ्यात एक ण असायचा. दहा पत्रांची दहा उत्तरे आली, दहा ण आले. मी ते शिवणकाम संपले की गिरवायची.

अकरावा हप्ता देऊन पत्र टाकले आणि सहाव्या दिवशी बातमी आली.

तो तिरंग्यात घरी आला. सगळा तालुका लोटला होता. मोठी माणसे बोलली, लोकांनी घोषणा दिल्या. काकूंच्या घरी पांढऱ्या कपड्यांत बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लावल्या. मी गर्दीच्या पार मागे होते. मला पुढे जायला जमले नाही, आणि कोणाला सांगणार होते की मी त्याची कोण?

महिनाभराने त्याची ट्रंक घेऊन त्याचा एक जवान आला. परमुलखातला पोरगा, हिंदी बोलायचा. काकूंनी मला चहा करायला बोलावले होते, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तो सांगत होता की दोघे जखमी होऊन पुढे पडले होते. साहेबांनी पहिल्याला ओढून आणले. दुसऱ्यासाठी पुन्हा गेले. त्यालाही अलीकडे ढकलले, पण स्वतः आले नाहीत. मग तो म्हणाला, "साहब आगे सबसे पहले जाते थे, माँजी. और खाना सबसे आख़िर में खाते थे."

मला बांधावरचा दहीभात आठवला. मी चहात साखर दोनदा घातली.

जाता जाता त्या पोराने विचारले, "एक बात पूछूँ? साहब अपने आप को कपटन बोलते थे. हम हँसते थे, लेकिन मालूम नहीं पड़ा क्यों."

काकूंनी माझ्याकडे पाहिले. ट्रंकेत माझी अकरा पत्रे निघाली होती, दहा उघडलेली आणि एक बंद. मला खरे सांगावे लागले. माझ्या आयुष्यात मी परक्या माणसासमोर एवढे कधी बोलले नव्हते. काकू ऐकत होत्या आणि एकदम हसल्या. बाबू गेल्यावर पहिल्यांदा. हसता हसता मग पदर तोंडाला लावला.

पुढच्या महिन्यात मी दोनशे रुपये घेऊन गेले तर त्यांनी हात मागे घेतला.

"आता कोनाचा हप्ता, पोरी? तो गेला, त्याच्यासंगं हिशोब गेला."

"काकू, उसने होते."

"माहा पोरगा गेला, अन् मी दोनशे रुपये मोजत बसू?"

मी परत आले. त्यापुढच्या महिन्यातही तसेच झाले. सहा हजारांतले अडतीसशे राहिले होते. लोक म्हणाले, नशीब तुझे, सुटलीस. पण मला सुटल्यासारखे वाटत नव्हते. कोणी परत घेत नसेल तर ते उसने राहत नाही, त्याची मदत होते. म्हणजे मी पुन्हा त्या पटांगणातल्या रांगेत उभी होते, आणि त्याने माझ्यासाठी शोधून आणलेला शब्द खोटा पडत होता.

तिसऱ्या महिन्यात मी गठ्ठ्यातले बारावे पत्र काढले. नेहमीसारखे लिहिले, "कपटनसाहेब यांस. बारावा हप्ता. या वर्षी पराटीला बोंडे कमी लागली. तुमच्या आईच्या गुडघ्याला बरे आहे." त्या पत्रावर छापलेले असते की आत काही घालू नये. तो नियम मी मोडला. शंभराच्या दोन नोटा घातल्या, पत्र चिकटवले आणि काकूंच्या हातात दिले.

"बाबूची डाक हाय. तो नाई तं तुमीच घ्या."

त्या नको म्हणणार होत्या, पण त्यांना पत्त्यावरचे अक्षर दिसले. कितीतरी वेळ त्या पत्त्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग सुरीने हळूच कड कापली, मोठ्याने वाचले आणि नोटा त्याच्या फोटोपाशी ठेवल्या.

त्यानंतर दर महिन्याला असेच झाले. मी त्याला गावातले सगळे लिहायची: कोणाची विहीर आटली, कोणाचे लग्न झाले, कापसाच्या भावाचे काय. काकू वाचायच्या आणि मध्येच थांबून मला सांगायच्या, "इथं तो हसला असता." मशीनही चांगली चालत होती. आजूबाजूच्या खेड्यांतले ब्लाऊज येऊ लागले होते.

एकोणतिसावे पत्र वाचून झाल्यावर काकूंनी विचारले, "आता किती राह्यले?"

"एक."

"ते नको आनू. घरीच राहू दे."

"काहून, काकू?"

"अजून त्याचं एक पत्र येनार हाय, एवढं तं राह्यते मले."

तिसावे पत्र मी घरी माझ्या ट्रंकेत साड्यांखाली ठेवले. एक महिना गेला, दुसरा गेला. दोनशे रुपये डब्यात होते. मशीनवर बसले की पाय चालायचे, पण मन लागायचे नाही.

"काहून वं, हप्ता चुकवला?" मालकांनी विचारले.

"काकू नको म्हनते."

"काकू म्हनते, ठीक हाय. पन तगाद्याले येईन म्हने तो, वर्दी घालून." ते हसायला गेले आणि खोकला आला. मी पाणी दिले. पाणी पिऊन ते म्हणाले, "आपल्यापायी त्याले यायला नको लावू."

त्याच आठवड्यात सीतादही होती. मी विरजणाची वाटी आणि तिसावे पत्र घेऊन काकूंकडे गेले. पत्र पाहून त्यांनी तोंड फिरवले.

"मी नको म्हटलं होतं न?"

"त्यानं तीस मोजून देल्ले, काकू. एकोनतीस नाई."

"अन् मंग तू कायले येशीन इथं?"

"विरजन कोन देईन मले? दुसऱ्याच्या दह्यानं सीतादही कधी केली का म्या?"

काकू उठल्या. आत जाऊन सुरी घेऊन आल्या. पत्राची कड नेहमीपेक्षा हळू कापली आणि वाचू लागल्या. "कपटनसाहेब यांस. तिसावा हप्ता. सहा हजार पूर्ण झाले." पुढे काही लिहिलेच नव्हते. 'पूर्ण' या शब्दापाशी त्या थांबल्या.

"हा ण कोनी काढून देल्ला तुले?"

"त्यानंच. दहा वेळा."

काकूंनी पत्र मांडीवर ठेवले, दोन नोटा हातात घेतल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या, फोटोपाशी ठेवल्या आणि त्याच्याकडे पाहूनच म्हणाल्या, "पावले."